लाल बटणाला वळसा

सकाळी साडेदहा वाजता, रोबोटस्पर्धेच्या मैदानावर, पाचशे माणसांच्या गलक्यात, पान्हाकाकांच्या पोटात जो गोळा आला तो दिवसभर जागचा हलला नाही.

झालं एवढंच होतं, की सुरक्षेचा माणूस हातात भोंगा घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या शाळांच्या पोरांना म्हणाला, "यंत्रात काही अडकलं तर आधी लाल बटण, मग हात. बटण दाबलं की यंत्र मेलं. मग खुशाल हात घाला. त्याआधी कुणाचं बोटसुद्धा आत गेलेलं मला चालणार नाही." पोरांनी माना डोलावल्या. पान्हाकाकांनीही डोलावली, कारण बावीस वर्षं कारखान्यात देखभाल खातं सांभाळताना दर सोमवारी हेच भाषण ते स्वतः ठोकत आले होते. मान खाली गेली आणि तिथंच राहिली, कारण त्यांना कालची तार आठवली.

आता ही तार काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं.

पान्हाकाकांची धाकटी शाळेच्या रोबोटच्या, चौघी पोरींच्या टीममध्ये होती. हे पान्हाकाका नाव पोरांनीच ठेवलेलं, कारण शर्टाच्या खिशात एक छोटा पान्हा सदैव. लग्नकार्यात जातानासुद्धा. बायको म्हणायची, मेल्यावर तोंडात पाणी घालायच्या ऐवजी तुमच्या हातात पान्हा दिला तरी चालेल. शाळेनं पालकांतून मार्गदर्शक मागितले तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी हात वर केला, आणि तिथंच त्यांचं विज्ञानाच्या बाईंशी वाजलं.

बाईंचा नियम असा, की कार्यशाळेत मोठ्या माणसानं पाऊल टाकलं की त्याच्या हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप द्यायचा. बशी नाही. दोन्ही हातांनी धरला नाही तर सांडणार, आणि सांडलेला ज्याचा त्यानं पुसायचा. हात असे अडकले, की तोंडानं फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर द्यायचं नाही, स्क्रू पिळायचा नाही, "दे इकडे" म्हणायचं नाही.

"बाई, अनुभवाला काही किंमत आहे की नाही?" काकांनी चिडून विचारलं होतं.

"आहे ना. प्रश्नात घाला," बाई म्हणाल्या.

घातला बिचाऱ्यांनी. पाच महिने घातला. "हा बोल्ट असाच राहू द्यायचाय का?" "ही बारीक तार तापते का बघितलं का?" आतून नुसता जीव कासावीस. पोरं चुकायची, उसवायची, पुन्हा चुकायची, आणि हा माणूस हातात गार झालेला चहा धरून उभा. काकांचं प्रामाणिक मत असं होतं, की बाई पोरांचा वेळ फुकट घालवताहेत. घरी ते तसं बोलूनही दाखवायचे. धाकटी ऐकून घ्यायची.

पोरांनी यंत्राचं नाव गेंडा ठेवलं होतं. गेंड्याला पुढे एक पंजा होता, तो डबा पकडून फळीवर ठेवायचा. आणि नेमका तो पंजाच स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रडत होता. डबा उचलायला गेला की सगळी वीज तोच ओढायचा, गेंड्याच्या मेंदूला काही उरायचं नाही, आणि अख्खं धूड जागच्या जागी बंद पडायचं. प्रोग्रॅम लिहायची ती चष्मिश, धाकटीची मैत्रीण. तिनं तो चौदा वेळा बदलला होता. शेवटी रडवेली होऊन ती म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि चौघीही खाली बाकड्यावर डबे उघडायला गेल्या. बाई त्यांच्याबरोबर गेल्या.

काका एकटे उरले. समोर गेंडा. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

हातांनाच राहवलं नाही, असं आपण म्हणू. दुखणं त्यांना पहिल्या आठवड्यापासून कळलेलं होतं. त्यांनी एक जाड तार घेतली आणि बॅटरीतून थेट, पंजाची मोटर चालवणाऱ्या विजेच्या पट्टीला जोडली, मधलं सगळं जंजाळ टाळून. तात्पुरतं. फक्त बघायला. 'तात्पुरतं' हा जगातल्या सगळ्या मेकॅनिक लोकांचा लाडका शब्द आहे, आणि निम्मे अपघात त्याच्याच पोटातून निघतात, हेही काकाच सोमवारच्या भाषणात सांगायचे. जिन्यात पोरींची पावलं वाजली. काकांनी घाईनं झाकण लावलं आणि कप उचलला.

पोरी आल्या, चष्मिशनं पंधराव्यांदा प्रोग्रॅम चालवला, आणि पंजानं डबा अलगद उचलून फळीवर ठेवला. एवढा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरून शिपाई बघायला आला. चष्मिश आईला फोनवर सांगत होती, "मी केलं, आई, माझ्या प्रोग्रॅमनं झालं." तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. आता सांगा, अशा वेळी कोणता माणूस पुढे होऊन म्हणेल, की पोरी, तुझ्या प्रोग्रॅमनं नाही, माझ्या तारेनं? काकांनी गार चहा एका दमात पिऊन टाकला. सकाळी निघताना गुपचूप काढू, असं ठरवलं. सकाळी गेंडा त्यांच्या आधी गाडीत चढला.

लाल बटणाची तार त्या जंजाळातूनच जात होती, जे त्यांनी टाळलं होतं. म्हणजे बटण दाबलं की चाकं मरणार, मेंदू मरणार, पण पंजाला वीज मिळतच राहणार. त्या पट्टीला शेवटचा हुकूम लक्षात राहतो. डबा आडवा अडकला असेल आणि शेवटचा हुकूम पंजा मिटण्याचा असेल, तर तो जोर लावून तसाच ताटकळत थांबणार. कुणी हातानं डबा सोडवला, की त्याच क्षणी मिटणार, हातासकट. लोखंडी दातांचा पंजा होता तो. दात काकांनीच सुचवले होते, प्रश्न विचारून.

काकांचा एक जुना जोडीदार कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता. असंच कुणीतरी तात्पुरतं बटण टाळलं होतं. हात चिंध्यांत गुंडाळून तो बाहेर आला होता आणि शांतपणे म्हणाला होता, "बायकोला एवढ्यात कळवू नका." त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं राहिली. काकांनी त्या दिवशी त्या तात्पुरतं करणाऱ्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं.

आता त्यांच्यात आणि गेंड्यात एक पिवळा पट्टा होता. मोठ्यांनी पट्ट्याच्या अलीकडे राहायचं. सामना चालू असताना मोठ्या माणसानं पट्टा ओलांडला किंवा पोरांना ओरडून काही सांगितलं, तर तो सामना गेला. पण सामना अजून कुठं चालू होता? काका लगबगीनं टीमच्या टेबलाकडे गेले. तिथं तपासनीस वाकून गेंडा बघत होता. चाकं फिरवली, लाल बटण दाबलं, चाकं थांबली. पुढे त्यानं काय केलं ते त्याच्या पाठीआड गेलं. मग त्यानं हिरवा कागद चिकटवला आणि पोरींनी टाळ्या दिल्या.

आता बोलायचं म्हणजे काय होणार, ते काकांना लख्ख दिसलं. हिरवा कागद फाटणार. "यंत्र पूर्णपणे विद्यार्थ्यांनी बनवलं आहे" या कागदावर धाकटीची सही होती, ती खोटी ठरणार. चष्मिशला कळणार. बाईंना कळणार. शेजारच्या टेबलावर तीन बाप गुडघ्यांवर बसून स्क्रू पिळत होते आणि त्यांची पोरं खुर्च्यांवर बिस्किटं खात बसली होती. काल रात्री जेवताना असल्याच बापांना काकांनी यथेच्छ नावं ठेवली होती.

धाकटी काकांपाशी आली. "बाबा, काय झालं? काही सांगायचंय का?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "पाणी पिताय ना सगळ्या?"

ती क्षणभर बघत राहिली. मग "हो," म्हणाली आणि गेली.

पुढचा एक तास काकांनी हिशेब मांडण्यात घालवला. दहा सामन्यांत एखादाच डबा अडकतो. अडकला तरी कधी कधी आपोआप सुटतो. आणि पट्टीवर हुकूम दर वेळी मिटायचाच असेल असं थोडंच आहे? कारखान्यात असं बोलणाऱ्याला त्यांनी दारातूनच घरी पाठवलं असतं. इथं ते स्वतःलाच सांगत होते आणि स्वतःच मान डोलावत होते. हात त्यांनी काखेत दाबून धरले होते.

पहिला सामना लागला. गेंडा पळाला, डब्यापाशी थांबला, पंजा वर गेला. आज जरा सुस्त जात होता, आणि तो उचलताना चाकं अगदी निश्चल राहत होती. बॅटरी उतरली असणार, काकांना वाटलं. पहिला डबा गेला, दुसरा गेला. तिसरा पंजात तिरका बसला आणि गेंडा घरघरत उभा राहिला.

चष्मिश आत धावली. लाल बटण दाबलं. गुडघे टेकले आणि दोन्ही हात पंजात घातले.

काकांना ओरडायचं होतं. देवाशप्पथ ओरडायचं होतं. तोंड उघडलं, नुसतंच उघडं राहिलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कानात घण पडत होते. एक. दोन. तीन. आता किंकाळी येणार, आता येणार. चौथ्या ठोक्याला टाळ्या आल्या. डोळे उघडून बघतात तर चष्मिश दहाही बोटांनी चष्मा पुसत होती आणि गेंडा पुन्हा पळत होता.

काका पायरीवर मटकन बसले. शेजारच्या कुणीतरी विचारलं, "साखर कमी झाली का हो?" त्यांनी मान हलवली. आता सांगायचंच, त्यांनी ठरवलं. सामना संपला की पहिलं काम हेच. काय व्हायचं ते होऊ दे, नाक कापलं जाऊ दे.

सामना जिंकला. जेवणाच्या सुट्टीत धाकटी त्यांच्याशेजारी पायरीवर येऊन बसली आणि तिनं डबा उघडला. ती खाली बघून जेवत होती. ठरवून आलेली वाक्यं काकांच्या घशात रांग लावून उभी होती. पण मधल्या अर्ध्या तासात भीतीनं आपलं काम चोख केलं होतं. हात आत गेला होता आणि काही झालं नव्हतं, हो ना? म्हणजे तार वाटेत धक्क्यानं निखळली असेल. घाईत बसवलेली होती, कोण जाणे. निखळलीच असणार. मग उगाच पोरीचा दिवस का नासवायचा?

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुला गेंड्यात आज काही वेगळं वाटलं का?"

"नाही गं. बॅटरी तेवढी बघा."

"बाकी काही नाही?"

"बाकी झकास."

तिनं डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण आत तसंच होतं. "बरं," ती म्हणाली, आणि उठून गेली. सामन्याच्या ताणानं भूक मेली असेल, असं काकांनी मनाला सांगितलं. आज त्यांच्या मनाला काहीही सांगितलं तरी पटत होतं.

दुपारी तीनला दुसरा सामना लागला. हा जिंकला की अंतिम फेरी. काका पट्ट्याला चप्पल लावून उभे होते. विज्ञानाच्या बाई थोड्या पलीकडे, हाताची घडी घालून. या वेळी गेंड्याबरोबर धाकटी मैदानात होती. पहिला डबा. दुसरा. तिसरा. चौथा. समोरच्या टीमचे तीनच झाले होते. काकांचे ओठ हलत होते, ते काय पुटपुटत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाचवा डबा अडकला.

धाकटीनं लाल बटण दाबलं. बाही वर सारली. तिच्या मनगटावर लहानपणी उकळतं दूध सांडून भाजल्याचा डाग होता, तो इथून दिसला. तिनं हात पंजात घातला, कोपरापर्यंत, आणि डबा धरून हलवू लागली. डबा हलला.

"हात काढ!"

पान्हाकाका पट्टा ओलांडून केव्हाच आत पोचले होते. कुणाला तरी धक्का लागला, कुणाची तरी बाटली उडाली. "हात काढ, बाळा, थेट तार आहे, बटणानं मरत नाही तो, हात काढ!" त्यांनी तिच्या खांद्याला धरून तिला मागे ओढलं, दोघंही जमिनीवर आपटली, आणि त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट चाचपलं. पाच होती. पुन्हा मोजली. शिट्टी वाजत होती आणि पंचांनी लाल झेंडा उंच धरला होता.

सामना गेला. नियम नियम होता. बाई पंचांशी बोलायला गेल्या, पण त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं की उपयोग नाही.

टीमच्या टेबलापाशी दोघी पोरी उभ्या होत्या. बाकीच्या दोघी गेंड्याला ढकलत आणायला गेल्या होत्या. काका खुर्चीवर धापा टाकत बसले होते. लाज वाटायला हवी होती, पण आधी सुटकाच दाटून आली होती. पोरीची बोटं शाबूत होती. बाकी जग बुडालं तरी चालणार होतं.

"काल संध्याकाळी मी तार टाकली होती," ते म्हणाले. "बॅटरीतून थेट. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. हात गेला असता तुझा, धाकटे."

"नसता गेला," धाकटी म्हणाली. "तार मी सकाळी काढली. गाडीत गेंडा चढवायच्या आधी आम्ही सगळ्या तारा बघतो, एकेक हातात धरून. तुला माहीतच नाही, कारण तेव्हा मोठी माणसं नसतात."

"पण मग पंजा चालला कसा?"

"तार काढल्यावर चष्मिशनं सकाळीच प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पंजा हळू उचलायचा आणि तेवढा वेळ चाकं थांबवायची. मग वीज पुरते."

आज सकाळपासून डोळ्यांसमोर चाललं होतं ते. बावीस वर्षांच्या अनुभवानं त्याला उतरलेली बॅटरी ठरवलं होतं.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला, कारण घाबरलेल्या माणसाला रागावणं सोपं जातं. "सकाळपासून माहीत होतं तर बोलली का नाहीस? माझा जीव गेला असता इथं. दिवसभर मेलोय मी नुसता."

"तू सांगशील म्हणून थांबले. दोनदा विचारलं तुला." धाकटीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मला वाटलं, तू तार विसरून गेलायस. खरंच वाटलं. म्हणून मी चिडले पण नाही. म्हटलं, बाबाच्या लक्षात असतं तर बाबा गप्प बसलाच नसता." ती थांबली. "पण तू आत्ता ओरडलास. म्हणजे लक्षात होतं."

"अगं, तुझा हात आत होता. मी कसा गप्प बसणार?"

धाकटीनं फक्त चष्मिशकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. सकाळी त्याच पंजात चष्मिशचे दोन्ही हात गेले होते. तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले होते.

चष्मिश टेबलावरच्या वायरी गुंडाळत होती. तिला सगळं ऐकू गेलेलं होतं, आणि ती मुळात मठ्ठ मुलगी नव्हती. तिनं गुंडाळी खाली ठेवली. ती काकांना घाबरायची नाही कधी, पण आत्ता तिचा चेहरा उतरला होता, आणि तरीही ती त्यांना सांभाळून घेत असल्यासारखं मऊ आवाजात बोलली.

"काका, सकाळी मी हात घातला तेव्हा तुम्ही तिकडे नसाल ना? तुम्हाला दिसलं नसेल."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. गर्दी होती, कुणी पुढे उभं होतं, पाणी प्यायला गेलो होतो, काय वाटेल ते चाललं असतं. धाकटीसुद्धा त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात अजून थोडी वाट पाहणं शिल्लक होतं. दिवसभरात एवढी भीती त्यांना कशाचीच वाटली नव्हती, त्या पंजाचीसुद्धा नाही.

"दिसलं होतं," पान्हाकाका म्हणाले.